झोपेचा वाटा

शाळेत तिला सगळे ‘डुलकी’ म्हणायचे. नाव गणिताच्या बाईंनी ठेवलेलं, तेही प्रेमानंच. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता बाई वळल्या, की हिची मान पुढे कललेली असायची. “आली का डुलकी?” बाई विचारायच्या आणि वर्ग खो खो हसायचा. तीही हसायची. कुणी उंच असतं, कुणी डावखुरं असतं, तसे आपण जन्माचे झोपाळू आणि आळशी, असं तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

घर म्हणजे एक खोली. वडील एका गोदामावर रखवालदार होते. कायमची रात्रपाळी. सकाळी यायचे आणि घरातल्या एकुलत्या एका पलंगावर अंग टाकायचे. पहाऱ्यावर डोळा लागला म्हणून त्यांची आधीची नोकरी गेली होती. त्यामुळे दिवसा त्यांची झोप मोडायची नाही, हा घरातला पहिला कायदा. साधी वाटी पडली तरी आई दचकायची.

मग आईचं शिलाई मशीन दिवसा चालणार कसं? वडील कामावर निघाले की आई त्याच्यावरचं फडकं काढायची. एका मालकाकडून आणलेले, कारखान्यातल्या कामगारांनी घालायचे जाड कापडी हातमोजे शिवायचे असत. मोजे उलटे शिवले जातात. ते सुलटे करायचे आणि एकेका बोटाचं टोक काडीनं बाहेर काढायचं, हे काम डुलकीकडे. हातातला ढीग संपला की ती पलंगावर धाकट्या बहिणीशेजारी आडवी व्हायची. पण मशीन पलंगाला टेकलेलं आणि दिवा डोक्यावर. आईचा पाय चालू असेपर्यंत पलंगही थरथरत राहायचा.

एकदा बाईंनी आईला शाळेत बोलावलं.

“मोबाईल बघत जागते का ही?”

“मोबाईल एकच आहे बाई, तो ह्यांच्याबरोबर ड्युटीवर जातो.”

“मग लवकर झोपवत जा हिला. खोलीत अंधार करा. आवाज नको. या वयात झोप फार महत्त्वाची असते.”

“हो बाई,” आई म्हणाली.

फाटकाबाहेर आल्यावर ती लेकीला म्हणाली, “अंधारात शिवायला मी काय घुबड आहे?” दोघी पोट धरून हसल्या.

चारच दिवसांनी मावशी आली. मावशीची परिस्थिती चांगली होती. काका बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, आणि मुलगा परगावी शिकायला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती. “परीक्षेपर्यंत हिला माझ्याकडे राहू दे,” मावशी म्हणाली. आईनं मान डोलावली.

मावशीकडे त्या खोलीचं दार लावून ती झोपली. सुट्टीचा दिवस होता, कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा मावशी तिच्या नाकाशी बोट धरून उभी होती.

“जिवंत आहेस होय! जेवणं उरकली आमची, कुंभकर्णाचे बाई.”

महिनाभरात तिचं तिलाच आश्चर्य वाटायला लागलं. बाई बोलत ते डोक्यात राहायचं. मैत्रिणीचा विनोद वेळेवर कळायचा. एक अवघड उदाहरण तिनं सगळ्यांच्या आधी सोडवलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “आता तुझं नाव बदलायला हवं.” म्हणजे आपण आळशी नव्हतोच! तिला इतका आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

मग एका रविवारी ती घरी गेली. धाकटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मांडीवर मोज्यांचा ढीग, मुठीत काडी, हनुवटीवर पट्टी.

“हे काय झालं?”

“शाळेच्या जिन्यात पडली. टाके घातलेत,” आई वर न बघता म्हणाली.

“आणि हे काम तिला दिलंस?”

“मग कुणाला देऊ? मालकाला सांगू, मोठी लेक मावशीकडे झोपायला गेलीय म्हणून?”

आवाजानं धाकटी जागी झाली. “ताई, माझं पण शाळेत नाव पडलंय. छोटी डुलकी.” जणू बक्षीस मिळाल्यासारखं तिनं सांगितलं.

दोघींना ठेवून घ्यायला काका तयार होईनात. “मग माझ्या जागी धाकटीला ठेवा,” ती म्हणाली आणि धाकटीला तिथे पोहोचवून आली. पण धाकटी पुरती नऊ वर्षांचीही नव्हती. आईशिवाय कधी झोपलीच नव्हती. रात्रभर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. “इथे काहीच वाजत नाही,” एवढंच म्हणायची. सकाळी काका तिला परत आणून सोडून गेले.

आता दोघींपैकी एकीनं मोजे सुलटे करायलाच हवे होते. ती मावशीकडचे आपले कपडे घेऊन आली. मावशी चिडली, “अगं, खोली नुसती रिकामी पडणार आहे!” ते खरंच होतं. म्हणूनच ती तिच्याकडे न बघता निघाली.

परीक्षेत ती काठावर पास झाली. “मध्ये किती छान करत होतीस गं,” बाई हळहळल्या. पूर्वी ती पेंगायची ते बिनघोर. आता पेंगताना आपलं काय चाललंय ते तिला कळत होतं.

पुढे ती त्याच मोज्यांच्या मालकाकडे मोजे तपासायच्या कामाला लागली. धाकटीला तिनं पुन्हा काडी धरू दिली नाही. धाकटी शिकली, हनुवटीवरचा व्रण मिरवत कॉलेजात गेली. वडिलांनी काम सोडलं. आता मशीन दिवसा चालतं, रात्री दिवा बंद होतो. खोलीत काहीच वाजत नाही. मोठीच्या डोळ्याला मात्र डोळा लागत नाही. तरणीताठी पोर, पण म्हाताऱ्यासारखी छताकडे बघत पडते. कूस बदलली तर धाकटी उठेल, म्हणून तेवढंही करत नाही.

“ताई, झोपलीस का?” धाकटी कधीतरी झोपेतच विचारते.

“हो,” ती म्हणते, “मघाशीच.”