शरयूताई आणि सरासरी माणूस

कुणी "हल्ली चोऱ्या फार वाढल्यात" म्हणालं की शरयूताई हातातला कप खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "कोणी मोजल्या?" त्यांना वाद घालायचा नसायचा, खरंच जाणून घ्यायचं असायचं. केंब्रिजमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमात मी हे पहिल्यांदा ऐकलं. समोरचे गृहस्थ गडबडून म्हणाले, "अहो, पेपरात रोज येतं की." ताई म्हणाल्या, "मग पेपरातल्या वाढल्या असतील," आणि शांतपणे पुन्हा चहा प्यायला लागल्या.

त्या मूळच्या नागपूरच्या. यजमान इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. ते गेल्यावर, बरोबरीच्या बायका नातवंडांत रमलेल्या असताना, ताईंनी युनिव्हर्सिटीत पीएचडीला नाव घातलं. गुन्ह्यांची मोजदाद पहिल्यांदा कशी सुरू झाली, हा त्यांचा विषय. आम्ही त्यांच्या दोन घरं पलीकडे राहायचो. मिलिंद, माझा नवरा, सॉफ्टवेअरच्या कामासाठी दिवसभर बाहेर, त्यामुळे मी आमच्या तान्ह्या ईराला प्रॅममध्ये घालून त्यांच्याकडे जाऊन बसायची.

त्यांचा विषय मला पोळ्या लाटता लाटता कळला. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या एका खगोलशास्त्रज्ञाने फ्रान्समधल्या कोर्टांचे आकडे अभ्यासायला घेतले. ताऱ्यांच्या नोंदींची सरासरी काढणारा माणूस तो. त्याला दिसलं की खून दरवर्षी जवळजवळ तितकेच होतात, चोऱ्याही तितक्याच. माणसं बदलतात, आकडा फारसा हलत नाही. मग दोष एकट्या चोराचा, की त्याला घडवणाऱ्या समाजाचाही? या प्रश्नावर पुष्कळ लोक चिडले. 'सरासरी माणूस' ही कल्पनाही त्याचीच. त्यासाठी त्याने सैनिकांच्या छातीची मापं अभ्यासली, मुलांची उंची आणि वजनंसुद्धा तपासली. "बिचारा सरासरी माणूस," ताई म्हणायच्या, "आजवर कुणी त्याला जेवायला बोलावलं नाही."

पण आकड्यांची थट्टा त्यांना खपायची नाही. एकदा लायब्ररीतून आल्या आणि म्हणाल्या, "आज एक रकाना बघत होते. लिहितावाचता न येणारे कैदी. त्या रकान्यात कुणाची तरी पोरं बसलीयेत गं."

ईरा सात महिन्यांची असताना वजनाच्या क्लिनिकमध्ये हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नर्सने, तिच्या वाढीची नोंद ठेवायच्या लाल पुस्तकातल्या आलेखावर टिंब काढलं आणि जरा थांबली. टिंब छापील रेघांतल्या सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली होतं. बाई प्रेमळ होती, पण तिने हॉस्पिटलमधल्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं ठरवलं आणि घरी आम्ही काय खायला घालतो तेही दोनदा विचारलं. मी हादरले. प्लेग्रुपमधली एक जण म्हणाली होती की मूल वाळलेलं दिसलं तर सोशल सर्व्हिसेसचे लोक घरी येतात, कधी मूल घेऊनही जातात. सासूबाई फोनवर नाचणी सांगत होत्या, आई खारीक. मी ईराच्या तोंडात चमचा कोंबायची आणि ती तोंड फिरवायची.

शरयूताईंनी पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावून आलेख पाहिला. मला वाटलं, म्हणतील, सोड गं, सरासरीचं काय घेऊन बसलीस. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"डॉक्टरकडे जायचंच," त्या म्हणाल्या. "आकडा दार वाजवतो. आत कोण आहे ते आपण उघडून बघायचं."

तपासणीच्या दिवशी मिलिंदला सुटी मिळाली नाही, म्हणून ताईच माझ्याबरोबर आल्या. रक्ततपासणी आधीच झाली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी ईराला उलटंपालटं करून पाहिलं, मला उभं करून माझी उंची मोजली, मिलिंदची विचारली, जन्माचं वजन विचारलं. मग आलेखावरची सगळी टिंबं पेनाने जोडली. ईरा पहिल्यापासून खालीच होती, पण तिची रेघ न घसरता छापील रेघांच्या सोबतीने वर चढत होती. रिपोर्टही चांगले होते. डॉक्टर हसून म्हणाल्या की मुलगी छान आहे, फक्त तुमच्यासारखीच छोटी आहे. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि भरवताना मागे लागू नका. सोशल सर्व्हिसेसचे लोक घरी येण्याचा विषयसुद्धा कुणी काढला नाही.

पुढे ताईंना पदवी मिळाली. काही वर्षं त्यांनी इथेच शिकवलं, मग बहिणीजवळ राहायला नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचा प्रबंध मी चाळलाय, पुरता समजला असं नाही. त्या आठवतात त्या हॉस्पिटलबाहेरच्या बस स्टॉपवर.

त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर मी काहीतरी बडबडत होते. ताई एकदम बाकावर बसल्या. मी घाबरून विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?"

"बरंय," त्या म्हणाल्या. "रात्रभर झोपले नव्हते गं. तुला धीर देत होते, पण मला तरी कुठे माहीत होतं? हजार मुलांचं मी सांगू शकते. हिचं मला काही सांगता येत नव्हतं."

मग त्यांनी ईराला मागून घेतलं आणि छातीशी धरलं. ईराने त्यांच्या चष्म्याची काडी तोंडात घातली आणि मन लावून चावायला लागली. ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. बस आली, दार उघडून जरा थांबली. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, मी हातानेच त्याला जा म्हटलं.