आबांचा बिल्ला

पुण्याला निघालो तेव्हा मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत आबा आणि मी उभे होतो. आबा म्हणजे माझे वडील, गावच्या दूध सोसायटीचे सचिव. दुष्काळ होता. जनावरं छावणीला गेली होती, सोसायटीच्या ओट्यावर कॅन उपडे पडले होते.

"लोक इचारतात," आबा म्हणाले. "एकदा नीट सांग, काय शिकणार तू?"

मी म्हणालो, विम्याचं गणित. माणसं किती जगतात, त्यावरून हप्ता ठरवायचा. आबांना विमा माहीत होता तो गायीम्हशींचा, कानात बिल्ला मारतात तो.

"मंजी माणसाला बिल्ले मारणार व्हय?"

चहावाला हसला. "सेक्रेटरी, पयला तुमच्याच कानाला मारंल बगा!"

एवढ्यात एसटी आली. समजावणं राहून गेलं.

पुढे संध्याकाळी आबांचा फोन आला की तोच प्रश्न. मी रिस्क, रिझर्व, प्रोबॅबिलिटी म्हणायचो. आबा "लई चांगलं" म्हणून पावसाकडे वळायचे. मी परीक्षा पास होत गेलो, फ्लॅट घेतला. गावात ते सांगायचे, "पोरगा बिल्ल्याच्या हापिसात हाय."

गेल्या उन्हाळ्यात बीडच्या दवाखान्यात त्यांच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली होती. हात वर करून म्हणाले, "लागला बग बिल्ला. आता सांग, माझं काय म्हणतं तुझं गणित?"

"एकट्याचं सांगता येत न्हाई, आबा. हजारो माणसं घेतली तरच सांगता येतं."

त्यांनी हात खाली घेतला. "आत्ता समजलं," म्हणाले. "मग बस हितं."

मी बसलो. पाऊस यायच्या आधी ते गेले.

परवा विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका ऑफिसात आल्या होत्या. त्यांच्या विभागातून येणाऱ्या मुलांच्या कौशल्यावर कंपनी समाधानी आहे का, असं त्यांनी विचारलं. माझ्या हाताखाली अशी मुलं आहेत. गणितात पक्की, सॉफ्टवेअरमध्ये माझ्यापेक्षा तरबेज. समोरच्या माणसाला सांगायची वेळ आली की मात्र स्लाइडकडे बघत राहतात.

"समाधानी आहे," मी म्हणालो. "फक्त नोकरीवर पाठवण्याआधी त्यांना एकदा घरी पाठवा. आपलं काम आईवडिलांना समजावून येऊ द्या."

त्या हसल्या. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून निघाले, त्यांना संध्याकाळी न वाजणारा फोन ठाऊक असेल. जे गावातच राहिले, त्यांना मी अधूनमधून भेटतो. गावी आलो की घराचं कुलूप काढण्याआधी सोसायटीच्या ओट्यावर बसतो. दूध घालायला आलेले थांबतात, "कवा आलास?" म्हणतात. काय काम करतोस, हे कुणी विचारत नाही. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय.