उठून उभं राहणं

बंगळुरातल्या येलहंक्यात आमच्या समोर राहणारे अण्णा ब्याण्णव वर्षांचे आहेत. गुडघे कायम सुजलेले, आणि गेल्या तापाने अंगातली उरलीसुरली ताकदही नेली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज दहा वेळा खुर्चीतून उठून उभे राहा. "या वयात कवायत कसली?" म्हणत अण्णांनी तो कागद चष्म्याच्या डबीत ठेवून दिला.

पण घरी कोणी आलं की त्यांना बसून राहवत नाही. कण्हत, थरथरत उभे राहतात आणि पाहुणा बसल्यावरच बसतात. आम्ही सगळे घाईने "बसा हो अण्णा" म्हणायचो. आता मी म्हणत नाही. विरजण मागायला जाते, वाटी विसरते, पुन्हा जाते. पूर्वी ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचे, हल्ली हात न टेकता उठतात.

काल मला कामातून दोनदाच जाता आलं. संध्याकाळी भाजी निवडत बसले होते, तर उघड्या दारात अण्णा. गल्ली ओलांडून, काठी टेकत, हातात माझी वाटी घेऊन आलेले.

"अक्का, आज स्वल्प कमी आलात," ते म्हणाले. "म्हटलं, उरलेलं चालून टाकावं."

मी भाजी बाजूला सारून उठले.

"बसा हो," अण्णा म्हणाले.