बर्फाचा टेम्पो आणि अप्पाचं पातेलं

त्या उन्हाळ्यात माझी प्रार्थना कुठंतरी वाटेतच अडकत होती. रोज सकाळी साडेसहाला उठायचं, गुडघ्यांवर बसायचं, तासभर शास्त्र वाचायचं, पुन्हा गुडघ्यांवर बसायचं. गुडघ्यांना घट्टे पडले, पण वरून एक चिटपाखरूही उत्तर घेऊन आलं नाही. मागणं तसं मोठं नव्हतं. माझ्या बापानं माझ्याशी एक शब्द बोलावा, एवढंच. शिवी दिली असती तरी मी ती आशीर्वादात धरली असती.

बाप का बोलत नव्हता ते आधी सांगतो. पैठण रोडला चितेगावात अप्पाचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक भट्टी. पण चहा असा, की एसटीचा ड्रायव्हर एक कप पिऊन निघाला की गाडी डिझेलशिवाय पैठणला पोचायची. एकदा एका म्हाताऱ्याची तिरडी हॉटेलसमोर टेकवली, तर वास नाकात जाताच तो उठून बसला आणि म्हणाला, "साखर जरा जास्त टाका." हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण अप्पा शपथेवर सांगायचा आणि अप्पाची शपथ मोडायची कुणाची हिंमत नव्हती. माय मी रांगत असतानाच गेली. त्या भट्टीच्या उबेला अप्पानं मला एकट्यानं वाढवलं. शब्द कमी, चहा जास्त, अशी आमची माया.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, त्यामुळं देवावरून घरात कधी वाजलं नाही. मी शिकायला औरंगाबादला आलो (शहराचं तेव्हा हेच नाव होतं), छावणीतल्या एका मित्रासोबत मॉर्मन मंडळीत जाऊ लागलो आणि तिथलाच झालो. या मंडळीत दारू वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. हे ऐकून अप्पा इतका खूश झाला की गिऱ्हाइकाला फुकट खारी दिली. मग मी हळूच म्हणालो, "आणि चहापण नाही घेत, अप्पा."

अप्पानं हातातलं गाळणं खाली ठेवलं. भट्टीसमोर उभं असताना त्याच्या हातातून गाळणं सुटलेलं मी आयुष्यात तेव्हाच पाहिलं.

"ज्या चहावर तू एवढा वाढलास तो चहा चालत नाय तुला?"

"तसं नाही अप्पा..."

"मग माझ्या हातचं काय घेणार तू? ज्याला माझा चहा चालत नाय, त्याला मी बी चालत नाय. जा."

झालं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. आणि त्याचं चुकलं असं मला कधीच म्हणता आलं नाही. आमच्याकडं पाहुण्यानं चहा नाकारला तर घर नाकारल्यासारखं होतं, इथं तर पोटच्या पोरानं नाकारला होता.

पुढं मी दोन वर्षांच्या सेवेला निघालो. आमच्यात तरुण पोरं अशी जातात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि नावाआधी 'एल्डर'. नेहमी दोघांची जोडी आणि सगळ्यात कडक नियम असा की सोबत्याला नजरेआड करायचं नाही. घरी जायचं नाही, फोन वर्षातून दोनदाच. आपल्या भागात सहसा कुणाला ठेवत नाहीत, पण मला नेमकं छावणीतच धाडलं. कारण माझा सोबती होता टोंगा नावाच्या बेटावरचा, त्याला मराठी बोलणारं कुणीतरी हवं होतं.

एल्डर फोनुआ. एवढा धिप्पाड, की रिक्षात बसला की रिक्षाचं पुढचं चाक वर उचललं जायचं आणि ड्रायव्हर आभाळाकडं तोंड करून रिक्षा चालवायचा. त्याच्याखाली तीन सायकली शहीद झाल्या. औरंगपुऱ्याच्या गल्लीत शिरला की दुकानदार ऊन गेलं म्हणून ताडपत्री गुंडाळायला घ्यायचे. पण मन लोण्याचं. आम्ही कुणाच्या दारात जाऊन गळ्यात पडत नव्हतो. मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायचं, ज्यानं बोलावलं त्याच्याशी देवाचं बोलायचं आणि उरलेल्या वेळात कुणाचं पाणी भर, कुणाचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढव. कपाट फोनुआ चढवायचा, मी खालून "सांभाळून" म्हणायचो. जाऊ तिथं चहा पुढं यायचा. फोनुआ दोन्ही हात छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मावशी, पाणी लई भारी." मग सात पेले पाणी प्यायचा. मावशीला कळायचंच नाही की आपला चहा नाकारला गेला. ही कला मला अप्पासमोर का सुचली नाही, याचं वाईट वाटायचं.

एका शनिवारी मी त्याला अप्पाचं सगळं सांगून टाकलं. तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "उद्या आपण दोघं उपास. तुझ्या अप्पासाठी."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन जेवणं सोडतो आणि पाण्याचा थेंबही घेत नाही. त्यात एखादं मागणं धरतात. आमची घरमालकीण खालाजान, तिला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "पानी बी नै? हौ बेटा, ये तो रोजा हुआ. उपास में तो साबूदाना चलता." त्या दिवसापासून ती आम्हाला घरचंच मानायची.

त्या रात्री नेमकी लाइट गेली. पंखा बंद, अंगाखालची चादर भिजलेली. मी पडल्या पडल्या देवाकडं तक्रार केली, की अप्पाचं राहू दे, निदान पंखा तरी सुरू कर. तोही झाला नाही.

सकाळी प्रार्थनासभेत निरोप मिळाला, की मंडळीतला एक म्हातारा चितेगावच्या पुढं आजारी आहे, डोक्यावर तेल लावून आशीर्वाद द्यायला बोलावलंय. रविवारी आम्ही काही विकत घेत नाही, आणि फोनुआच्या कडक हिशेबात एसटीचं तिकीटही त्यातच बसायचं. म्हणून सायकली काढल्या. वाटेत अप्पाचं हॉटेल लागणार होतं. मी ठरवलं, मान खाली घालून जोरात पायडल मारायचं.

मे महिना. ऊन असं, की कावळे उडायचं सोडून झाडाच्या सावलीतनं पायी चालले होते. डांबर मऊ होऊन चाकांना चिकटत होतं. माझी गोष्ट वेगळी, मी भट्टीशेजारी वाढलेला. पण फोनुआ समुद्राच्या वाऱ्यातला माणूस. हॉटेल मैलभरावर आलं असेल, तेव्हा तो काहीतरी त्याच्या भाषेत बोलायला लागला. मी मागं वळलो तर सायकल आडवी आणि तोही आडवा. अंग विस्तवासारखं, घाम थांबलेला, डोळे अर्धे उघडे.

माझं बोलणं थोडं फुगतं हे खरं आहे. पण इथून पुढं जे सांगतो त्यात मी एक थेंबही वाढवलेला नाही.

रस्त्यावर माणूस नव्हतं. उपास म्हणून आम्ही पाण्याची बाटलीसुद्धा आणली नव्हती. पुढं मैलभरावर माझ्या बापाचा पाण्यानं भरलेला रांजण, आणि इथं माझा सोबती. धावलो असतो तर कदाचित पाणी मिळालं असतं, पण तेवढ्यात तो उन्हात एकटा मेला असता तर? शिवाय सोबत्याला नजरेआड करायचं नाही, हे हाडात भिनलेलं. त्याला ओढून बाभळीखाली न्यायचा प्रयत्न केला, तो हलेना. शेवटी माझीच सावली त्याच्या तोंडावर पडेल असा बसलो. आजाऱ्यासाठी नेत असलेल्या तेलाचा थेंब त्याच्या डोक्यावर लावला, दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले.

आजवर मी देवाला मागायचो तेव्हा मागण्यासोबत उपायही सांगायचो. अप्पाला स्वप्न पाड, अप्पाला पत्र लिहायची बुद्धी दे, असं. त्या दुपारी मला उपायच सुचेना. मी एवढंच म्हणालो, "हा तुझा आहे. मीही तुझाच आहे. आता तूच बघ." आणि गप्प बसलो.

मग मागून टेम्पोचा आवाज आला.

"अरे भाई, ये पहाड किसका गिरा रोड पे?" ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी काढली. मेंदी लावलेली दाढी, गळ्यात ओला पंचा. टेम्पोच्या मागून पाणी ठिबकत होतं.

"चाचा, पाणी आहे का? लू लागलीय याला."

"पानी?" चाचा खाली उतरला. "पानी काय मांगता बेटा, पूरा बरफ है!"

टेम्पोत भुशात आणि गोणपाटात झाकलेल्या बर्फाच्या लाद्या होत्या. बिडकीनच्या एका लग्नाला चालल्या होत्या. आम्ही दोघांनी फोनुआला वर कसा चढवला ते देवालाच ठाऊक. माझ्या अंगात तेवढं बळ आधी नव्हतं आणि नंतरही आलं नाही. ओली गोणपाटं त्याच्यावर टाकली, बर्फाचे तुकडे काखेत, मानेशी लावले. सायकली वर फेकल्या. चाचा गाडी पळवत मला ओरडून सांगत होता, "ये बरफ सवेरेच पोहोचना था! रात में लाइट गई ना, कारखाने में जम्याच नै. दुल्हे का बाप मेरेकू गालियां दे रा होएंगा!"

रात्रभर ज्या लाइटवरून मी देवाशी भांडत होतो, तीच ही लाइट.

चाचानं गाडी थांबवली ती पहिलं पाणी दिसलं तिथं. म्हणजे अप्पाच्या हॉटेलसमोर.

अप्पा पातेलं ढवळत होता. त्यानं पाहिलं, की ज्याच्याशी बोलणं टाकलं तो पोरगा बर्फाच्या टेम्पोतून उतरला आणि मागून टायवाला एक डोंगर उतरवला जातोय. त्यानं काही विचारलं नाही. दोन्ही बाकडी जोडली, रांजणातलं पाणी बादलीनं आणलं आणि पंच्यानं फोनुआचं अंग पुसायला लागला. डॉक्टरला बोलावणं धाडलं. डॉक्टर आला, सुई टोचली, सलाइन पत्र्याच्या खिळ्याला लटकवलं. चाचानं उरलेल्या लाद्या सांभाळत निरोप घेतला आणि मी त्याचे हात धरले तर म्हणाला, "छोड रे, लेट तो मैं वैसे बी था."

सलाइन संपत आलं तेव्हा फोनुआनं डोळे उघडले. समोर अप्पाचा चेहरा. त्यानं दोन्ही हात छातीवर ठेवले आणि बारीक आवाजात म्हणाला, "अप्पा. पाणी लई भारी."

अप्पाचा ओठ हलला. तो उठून भट्टीकडं गेला. आमच्याकडं पाठ करून त्यानं एक नवं पातेलं घासलं, त्यात दूध ओतलं. खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आला. गवती चहाची पात गेली, वेलदोडा गेला, गूळ गेला. मग त्याचा हात सवयीनं पत्तीच्या डब्याकडं गेला. डब्यावर थांबला. आणि तसाच मागं आला.

पातेलं घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. पेल्यात उंचावरून धार धरली, गिऱ्हाइकाला धरतो तशी.

"पत्ती नाय त्यात," अप्पा म्हणाला. "घे."

मी पेला धरला, पण उपास सुटलेला नव्हता. मी फोनुआकडं पाहिलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "मागितलं ते आलं. आता सोड."

उपास सोडताना आम्ही प्रार्थना करतो. मी डोळे मिटले, तोंड उघडलं, पण एक शब्द फुटेना. अप्पानं टोपी काढून हातात घेतली होती. थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाला, "आमेन म्हण लवकर. साय धरतीय."

म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या आजारी म्हाताऱ्याकडं आम्ही एसटीनं गेलो. घर दाखवायला अप्पा सोबत आला. फोनुआ सेवा संपवून त्याच्या बेटावर गेला, तिथं त्याला आता चार मुलं आहेत आणि चारही त्याच्याएवढी आहेत म्हणे. त्यामुळं बेट थोडं खाली गेलं असावं. अप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. हॉटेल आता मी चालवतो. पत्तीचा चहाही करतो, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. पण भट्टीच्या डाव्या बाजूला अप्पाचं ते एक पातेलं वेगळं ठेवलंय, त्यात आजवर पत्ती पडलेली नाही. काळी पाटी लावलेली घामाघूम पोरं कधी दारात आली की मी काही न विचारता तेच चढवतो.

अजूनही रात्री लाइट गेली की मी आधी चिडतो. मग आठवतं आणि गप्प पडून राहतो. कुठंतरी कुणाच्या तरी बर्फाला उशीर होत असेल. होऊ दे. देवा, तुझं तू बघ.