गोलूचं फुकेट आणि माझं टेबल

आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते आणि ती दीड तास चालते. त्या वरच्या एका तासात इतके किस्से जमा झालेत की, लिहायला बसली तर ऑफिसची स्टेशनरी पुरणार नाही. ऑफिस कोणतं ते नका विचारू. पांढरकवड्यात आहे, सरकारी आहे, एवढं बस झालं. पण यंदाचे सगळे किस्से एकाच माणसावरून झाले आणि तो माणूस आठ महिन्यांचा आहे.

आधीच सांगून टाकते, या सगळ्या काळात मी जळत होती. थोडीथोडकी नाही, चांगली धडधडून!

*

सुरुवात डब्यावरून झाली. आमची प्रणाली, ज्युनिअर क्लार्क, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परत आलेली. वांग्याची भाजी वाढता वाढता म्हणाली, "ताई, आम्ही पुढच्या महिन्यात फुकेटले चाललो. गोलूले घेऊन."

गोलू म्हणजे तिचं लेकरू.

"फुकेट कुठं आलं?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

"थायलंडात. समुद्र लय मस्त हाये म्हणते तिथं."

आमचे बडे बाबू राऊत, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेले. त्यांचा घास हातातच राहिला. "थायलंडले? बायको-लेकरू घेऊन? तिथं असं नाही जात कोणी!"

"मंग कसं जाते, बाबू?" प्रणालीनं अगदी भोळेपणानं विचारलं.

बाबूंनी डबा बंद केला. आठ दिवस ते आमच्यात जेवायला बसले नाहीत!

मी हसली सगळ्यांबरोबर, पण भाजी गोड लागली नाही. मी पन्नाशीला आली. समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला कर्मचाऱ्यांच्या मोर्चात गेलती तेव्हा, तोही पोलिसांच्या गाडीमागून. आणि हे पोट्टं अजून रांगत नाही, ते विमानात बसणार, पाण्यात पाय बुडवणार, वर मोठं झाल्यावर त्याला काही आठवणारही नाही! मला प्रणालीचा राग नव्हता. मला गोलूचा राग होता.

आता यातली गंमत ऐका. सरकारी नोकराला देशाबाहेर जायचं तर ऑफिसची परवानगी लागते. त्या परवानगीची फाइल आस्थापनेच्या टेबलावर तयार होते आणि मग साहेबांकडे जाते. आस्थापनेचं टेबल माझं आहे.

*

पासपोर्टच्या फोटोचा किस्सा समोरच्या फोटो स्टुडिओत झाला, मीही पाहायला गेलती. लहान लेकराचा फोटो म्हणजे मागे पांढरा पडदा, डोळे उघडे, तोंड बंद. गोलूचं नेमकं उलटं चालायचं.

आमचा शिपाई गजूभाऊ कॅमेऱ्यामागे उभा राहून बकरीचा आवाज काढत होता. प्रणालीची सासू शांताकाकू दर फोटोआधी पुढं व्हायच्या आणि गोलूच्या गालावर काजळाची तीट लावायच्या. फोटोवाला ती पुसायचा, काकू परत लावायच्या.

शेवटी तो वैतागला. "काकू, पासपोर्टात डाग चालत नाही!"

"डाग? माह्या नातवाले डाग म्हणतं काय रे? कोणाकोणाची नजर हाये त्याच्यावर, तुले मालूम नाही!"

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या दाराकडे, देव जाणे. तीट शेवटी तळपायाला लावली आणि फोटो निघाला.

*

लेकरू पाच तास विमानात राहील का, याची ट्रायल घ्यायचं ठरलं. कशात? तर एसटीत! प्रणाली, तिचा नवरा आणि गोलू एका रविवारी पांढरकवड्याहून पुसदला बसनं जाऊन आले. उन्हाचं, खिडकीजवळच्या सीटवर, वळणावळणाच्या रस्त्यानं.

सोमवारी मी दारातच विचारलं, "काय झालं? लय रडला असन ना?" खरं सांगते, रडलाच असावा अशी माझी मनापासून इच्छा होती.

"नाही ना ताई. गोलू जातायेता हसत होता. कंडक्टरच्या मांडीवर बी बसला."

"मग तू अशी तोंड उतरवून काहून आली?"

"याहिले उलट्या झाल्या. पुसदपर्यंत तीन अन् येताना चार. आता हे म्हणते, तुम्ही मायलेक जा, मी घरी राहतो!"

*

पासपोर्ट आला. काळेभोर कुरळे केस, डोळे उघडे, तोंड बंद. प्रणालीनं तो ऑफिसभर फिरवला. मी दोनदा पाहिला. माझ्या टेबलावर आल्यावर तिसऱ्यांदाही पाहिला.

आणि पुढच्याच मंगळवारी शांताकाकूंनी गोलूला केळापूरच्या देवीला नेऊन त्याचं जावळ काढून आणलं! नवसाचं जावळ, आधीच ठरलेलं. कोणाला विचारायची गरज काय? लेकराचा चकचकीत गोटा.

प्रणाली रडकुंडीला आली. "बाबू, एअरपोर्टवर म्हणतीन, हे पोरगं कोणाचं उचलून आणलं?"

राऊत बाबूंना तीस वर्षांत कोणी इतकं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि प्रमाणपत्राचा मसुदा सांगायला सुरुवात केली. "प्रमाणित करण्यात येते की, फोटोतील केस असलेले बालक व प्रत्यक्षातील केस नसलेले बालक ही एकच व्यक्ती असून, सदर केस धार्मिक कारणास्तव काढण्यात आले आहेत."

गजूभाऊनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "अन् बाबू, जाईपर्यंत केस पुन्हा आले तर?"

बाबूंनी चष्मा वर केला, विचार केला आणि खाली एक ओळ वाढवली. "सदर प्रमाणपत्र केस उगवेपर्यंत वैध राहील."

*

हे सगळं होईपर्यंत फाइल माझ्याकडेच होती. आता माझंही ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

माझी मुलगी अकरा महिन्यांची होती तेव्हा माझा भाऊ मस्कतला नोकरीला होता. त्यानं बोलावलं, "ये ताई, भाचीले घेऊन ये." मी याच ऑफिसात परवानगीचा अर्ज केला. तेव्हाच्या बाबूनं त्रुटी काढली, "प्रवासाचे प्रयोजन स्पष्ट करावे." मी लिहिलं, भावाची भेट. पुन्हा त्रुटी, "भाऊ सख्खा असल्याचा पुरावा जोडावा." तोही जोडला. मग कुठलं तरी परिशिष्ट राहिलं, मग साहेब बदलले. परवानगी आली तेव्हा मुलगी अंगणवाडीत जात होती आणि भाऊ मस्कत सोडून पुसदला मोबाइलचं दुकान टाकून बसला होता! मी तो परवानगीचा कागद घेऊन पुसदला गेली, दिवाळीला.

म्हणून प्रणालीची फाइल आली तेव्हा माझा हात आपोआप चालला. "प्रवासाचे प्रयोजन स्पष्ट करावे."

तिनं उत्तर लिहिलं, "मुलाला समुद्र दाखवणे."

मी लिहिलं, "सदर बालक आठ महिन्यांचे असल्याने समुद्र पाहण्याची निकड स्पष्ट होत नाही."

नियमात बसत होतं सगळं. फाइल ड्रॉवरमध्ये टाकली आणि चावी पर्समध्ये. निघायला पंधरा दिवस राहिले, मग दहा, मग सहा. प्रणाली रोज येऊन उभी राहायची. "ताई, झालं का?" मी म्हणायची, "चालू हाये." रोज घरी जाताना मला वाईट वाटायचं, आणि सकाळी ऑफिसात तिच्या मोबाइलवर हॉटेलचे फोटो पाहिले की वाईट वाटणं बंद व्हायचं.

*

निघायला तीन दिवस उरले. दुपारी शांताकाकू गोलूला कडेवर घेऊन ऑफिसात आल्या. सरळ माझ्या टेबलापाशी. पदराची गाठ सोडून त्यांनी मीठ आणि सात लाल मिरच्या माझ्या आवक-जावक रजिस्टरवर ठेवल्या.

"छायाताई, लेकरू पहिल्यांदा देशाबाहेर चाललं. नजर उतरवायची हाये, तुमच्या हातानं."

"माह्याच हातानं काहून?"

"मोठ्या मनाच्या बाईच्या हातानं उतरवावं म्हणते."

प्रणाली कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसली. राऊत बाबूंनी एकदम पेन शोधायला सुरुवात केली, पेन त्यांच्या कानावर होतं. नाही म्हणायला मला जागाच ठेवली नव्हती. उठली. मुठीत मीठ-मिरच्या घेतल्या आणि गोलूवरून ओवाळायला लागली. तो टकलू माझ्याकडे पाहून हसत होता.

"घरच्याची, दारच्याची, आल्याची, गेल्याची, जी कोणाची नजर लागली असन..."

"ऑफिसातल्याची बी म्हणा," काकू म्हणाल्या.

"ऑफिसातल्याची बी," मी म्हटलं.

गजूभाऊनं चहाच्या गॅसवर जुना तवा तापवून ठेवला होता. आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, उतरवलेल्या मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला, तर नजर नव्हती. ठसका नाही लागला, तर नजर होती, आणि जबर होती.

मी मिरच्या तव्यावर टाकल्या. तडतडल्या, लालच्या काळ्या झाल्या, निळा धूर पंख्यापर्यंत गेला. सगळं ऑफिस उभं राहून वाट पाहत होतं. मी मनात म्हणत होती, खोका रे कोणी तरी, एक जण तरी खोका!

कोणी नाही खोकलं. राऊत बाबूंना तर उदबत्तीनंसुद्धा ठसका लागतो. ते छातीवर हात ठेवून शांत उभे होते. गोलूला साधी शिंकही आली नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. गोलूचं टोपडं बांधलं आणि बाकावर जाऊन बसल्या.

मी पर्समधून चावी काढली. ड्रॉवर उघडला. फाइलीवर लिहिलं, "त्रुटींची पूर्तता झाली आहे. मान्यतेस्तव सादर." आणि स्वतः उचलून साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेली. साहेबांनी न वाचता सही केली.

सही घेऊन बाहेर आली, तर अख्खं ऑफिस खोकत होतं.