लाल खूण नसलेली नोंद

मेधा कारखानीस यांचं तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, कोलकात्याच्या बेहाला भागातल्या राहत्या घरी हृदयविकाराने निधन झालं. मला न्यूजरूममध्ये कळलं. त्यांची धाकटी बहीण सुनीता हिचा फोन होता.

मेधाताई चित्रपटांची कंटिन्युइटी सांभाळायच्या. एका शॉटमध्ये हिरोचा केप, म्हणजे पाठीवरचा झगा, डाव्या खांद्यावर असेल, तर महिन्याभराने घेतलेल्या पुढच्या शॉटमध्येही तो तिथेच हवा. हे पाहणं त्यांचं काम. सगळं वहीत मराठीतून लिहायच्या आणि ताडून झालं की नोंदीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या. वडील बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले, कुटुंब इथेच राहिलं. सेटवर त्या सगळ्यांच्या मेधादी. बालीगंजला आमच्याकडे जेवायला आल्या तरी म्हणायच्या, "श्रीकांत, मागच्या वेळी लोणचं डावीकडे होतं. आज उजवीकडे कसं?"

दोन वर्षांपूर्वी त्यांनी इथे चित्रित झालेला एक सुपरहिरोपट केला. शेवटी हिरो शहर वाचवतो आणि मरतो. पहिलं संकलन पाहून स्टुडिओच्या साहेबांनी शेवट बदलायला सांगितला. दुसरा भाग काढायचा, तर हिरो जिवंत हवा. मोडलेला सेट पुन्हा उभारला, अठरा दिवसांचं काम नव्याने झालं, खर्च हाताबाहेर गेला. मेधाताई म्हणाल्या, "याचा केप गोळ्या अडवतो बाबा, साहेबांचे फोन नाही अडवत."

त्या खर्चाची बातमी मी करत होतो. स्टुडिओच्या प्रवक्त्याने सांगितलं, कंटिन्युइटीच्या चुकांमुळे फेरचित्रीकरण करावं लागलं. मेधाताईंचा निरोप आला, "छापण्याआधी माझी वही बघून जा." बेहाला ऑफिसपासून पाऊण तासावर. मी गेलो नाही. प्रवक्त्याने दुसऱ्या दिवशी हिरोची मुलाखत देऊ केली होती. प्रवक्त्याचं म्हणणं तसंच छापलं. बातमीत मेधाताईंचं नाव नव्हतं... पण कंटिन्युइटी कोण पाहत होतं, हे इथल्या प्रत्येक सेटवर ठाऊक होतं. त्यानंतर त्यांना चित्रपट मिळाला नाही.

बातमी आली त्या सकाळी त्यांनी फोन केला.

"केप कुठल्या खांद्यावर होता ते मी सांगते. छापण्याआधी मला विचारलं होतंस का, ते तू सांग."

मी समोरचा अंक घडी घालून बाजूला ठेवला.

"बरं. खुलासा छापशील?"

"संपादकांना विचारून कळवतो, ताई."

मी विचारलं नाही. खुलासा आजवर आलेला नाही. पुढे गणपतीत मराठी मंडळींच्या जेवणात त्या समोर बसल्या होत्या. त्यांनी विषय काढला नाही आणि मला हायसं वाटलं... त्या हायसं वाटण्याची लाज आज जास्त वाटते.

तेराव्यानंतर सुनीताने वही दिली. "शेवटच्या पानावर तुझं नाव आहे," एवढंच म्हणाली.

मूळ शेवटाच्या सगळ्या नोंदी वहीत ओळीने आहेत. प्रत्येकीपुढे लाल खूण. मग एक ओळ: "साहेबांचा फोन. शेवट बदलायचा. सगळं पुन्हा." तिच्यापुढेही खूण. शेवटची नोंद बातमी आली त्या दिवसाची: "सकाळी नऊ चाळीस. श्रीकांत संपादकांना विचारून कळवतो म्हणाला."

तिच्यापुढे खूण नाही.