अक्कांना मी दिलेलं शून्य

मंडळी, आज माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

पंचेचाळिशीत मी वृद्धांच्या स्मरणशक्तीवर पीएचडी करते आहे. सकाळी धुळ्याजवळच्या एका गावात एका अक्कांची चाचणी घेतली. नवऱ्याचं नाव विचारल्यावर त्यांनी पदर सावरून खाली पाहिलं. मी शून्य लिहिलं. एकूण गुण कमी भरले, म्हणून मुलाला म्हटलं, "एकदा डॉक्टरांना दाखवा."

तो लगेच बायकोला म्हणाला, "आजपासून मायले गॅसपाशी जाऊ देऊ नको."

अक्का चिडल्या. "मनं काय चुकनं?"

मी म्हटलं, "तुमच्या मालकांचं नाव आठवलं नाही तुम्हाला."

"आठवस ना. पण मी त्यासनं नाव कसं लेऊ? त्या बाहेर ओट्यावर बठेल शेतस, त्यासलेच इचार."

सून तोंडाला पदर लावून हसली. मी गुण दुरुस्त केले, मुलाची समजूत घातली.

धुळ्यात, देवपूरला घरी येऊन जुने फॉर्म काढले. कितीतरी आज्यांच्या त्याच रकान्यात माझ्या अक्षरातलं शून्य आहे. त्यातल्या अनेकींच्या घरीही मी "डॉक्टरांना दाखवा" असं सांगून आले होते. माझी आईसुद्धा वडिलांचं नाव घेत नव्हती, तरी मला हे सुचलं नाही.

उद्यापासून त्या प्रत्येक घरी परत जाणार आहे. पण माझ्या एका वाक्यावरून ज्यांना स्वयंपाकघरातून उठवलं असेल, त्यांना माझ्याच दुसऱ्या वाक्यावरून कोणी परत आत बसू देईल का?